पात्रतेचे नियम पॅकेजमध्येच बसवावेत की वेगळ्या रूल इंजिनमध्ये?

विमा कंपनीने अंडररायटिंगचे नवे तयार सॉफ्टवेअर, म्हणजे पॅकेज, घ्यायचे ठरवले, की पहिल्या दोन-तीन बैठकांतच एक प्रश्न हमखास निघतो. कोणता प्रस्ताव सरळ स्वीकारायचा, कोणता अंडररायटरकडे (जोखीम तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे) पाठवायचा आणि कोणता नाकारायचा, हे ठरवणारे आपले स्वतःचे नियम पॅकेजने दिलेल्या स्क्रीनवरूनच बसवायचे, की ते बाहेर काढून स्वतंत्र रूल इंजिनमध्ये ठेवायचे आणि पॅकेजने तिथे फक्त विचारणा करायची? नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कमध्ये बसून मी दोन्ही पद्धतींनी नियम बसवले आहेत आणि दोन्हींमधल्या चुका निस्तरल्याही आहेत; त्यामुळे पुढचा आढावा तटस्थ असला, तरी कोरा नाही. नियम थेट प्रोग्रामच्या कोडमध्ये लिहिण्याचा तिसरा मार्ग मी यात धरलेला नाही, कारण तो पहिला नियम बदलेपर्यंतच स्वस्त असतो.

पॅकेजमधल्या सोयीचे परिचित उदाहरण म्हणजे गाइडवायरचे पॉलिसीसेंटर. त्यात एखादी अट लागू झाली की प्रस्तावावर ‘अंडररायटिंग इश्यू’ उभा राहतो. तो इश्यू हप्ता सांगतानाच अडवणार, बाइंड करताना (कंपनी जोखमीला बांधील होताना) अडवणार की पॉलिसी देताना, हे आपण ठरवतो आणि तो कोणत्या अधिकाराच्या माणसाला मोकळा करता येईल, हेही तिथेच ठरते. दुसऱ्या बाजूला, म्हणजे स्वतंत्र इंजिनांत, जावा या प्रोग्रामिंग भाषेवर चालणारे, मुक्त स्रोत असलेले ड्रूल्स आहे, आणि आयबीएमचे ओडीएम आहे, ज्याचे मूळ आयबीएमने २००९ मध्ये विकत घेतलेल्या आयलॉग कंपनीच्या जेरूल्समध्ये आहे. निर्णयाचे तक्ते, म्हणजे प्रत्येक ओळीत अटी आणि त्यांच्यासमोर निकाल, कसे मांडावेत याचे डीएमएन (डिसिजन मॉडेल अँड नोटेशन) हे मानकही आहे. ओएमजी या संस्थेने त्याची पहिली औपचारिक आवृत्ती २०१५ मध्ये आणली आणि आज बहुतेक इंजिने ते कमी-अधिक प्रमाणात वाचतात.

विक्रेते तुलना करताना वेग आणि परवान्याचा खर्च पुढे करतात. माझ्या अनुभवात खरा फरक पडतो तो फॉर्ममधला रकाना कोरा राहिल्यावर.

पॅकेजमधले नियम बहुधा अपवादाच्या भाषेत लिहिलेले असतात. ‘बीएमआय ३५ पेक्षा जास्त असेल तर इश्यू उभा कर’ असा नियम असतो (बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप) आणि एकही इश्यू उभा राहिला नाही, म्हणजे प्रस्ताव निर्दोष आहे, असे गृहीत धरले जाते. एका कंपनीच्या कामात बँकेच्या शाखांतून येणाऱ्या छोट्या फॉर्ममध्ये उंचीचा रकानाच नव्हता. उंची नाही म्हणून बीएमआय निघाला नाही, बीएमआय नाही म्हणून अट खरी ठरली नाही, आणि ज्या प्रस्तावांची खरे तर वैद्यकीय तपासणी व्हायला हवी होती, ते प्रस्ताव थेट पॉलिसी होऊन बाहेर पडले. ही गोष्ट तिमाही पडताळणीपर्यंत कोणाच्याही लक्षात आली नाही, कारण सॉफ्टवेअरने कुठे तक्रारच केली नव्हती. त्यानंतर कंपनीला विमेदारांना काही म्हणायचीही सोय उरली नाही, कारण आपण जे विचारलेच नाही ते त्यांनी लपवले, असा आक्षेप टिकत नाही. शिवाय आयुर्विम्यात विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर पॉलिसीवर प्रश्न उपस्थित करता येत नाही आणि आरोग्य विम्यात साठ महिन्यांच्या मोरेटोरियमनंतर (ठरावीक मुदतीनंतर), सिद्ध झालेली फसवणूक वगळता, तसाच अडसर येतो. म्हणजे गेटवर झालेली चूक मागाहून दुरुस्त करायला फार अवधी मिळत नाही.

इंजिनमधल्या निर्णय तक्त्याची रीत उलटी आहे. तिथे प्रत्येक निकालासाठी, अगदी ‘स्वीकारा’ या निकालासाठीसुद्धा, एखादी ओळ जुळावी लागते. उंची कोरी असेल तर एकही ओळ जुळत नाही आणि इंजिन निकालच देत नाही. पुढे अशाच छोट्या फॉर्मचे प्रस्ताव एका इंजिनमधून गेले, तेव्हा एजंटांच्या स्क्रीनवर दिवसभर ‘निर्णय प्रलंबित’ झळकत राहिले आणि फोन खणखणले. गोंधळ झाला; पण तो त्याच दिवशी कळला. माझ्या मते तक्त्याच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे, आणि तो कोणत्याही माहितीपत्रकात मी छापलेला पाहिलेला नाही.

उपाय दोन्हीकडे आहे, श्रम मात्र सारखे नाहीत. पॅकेजमध्ये नियमांत वापरलेल्या प्रत्येक रकान्यासाठी ‘कोरा असेल तर अंडररायटरकडे पाठवा’ असा वेगळा नियम लिहावा लागतो आणि नवा रकाना आला की तो लिहायला कोणीतरी विसरतेच. तक्त्यात शेवटी सगळीकडे आडवी रेघ (म्हणजे कोणतेही मूल्य चालेल) असलेली एक ओळ घातली आणि तिचा निकाल ‘अंडररायटरकडे’ ठेवला, की काम भागते. मात्र त्यासाठी तक्त्याचे हिट धोरण, म्हणजे अनेक ओळी जुळल्या तर काय करायचे हे, ‘फर्स्ट’ (पहिली जुळलेली ओळ धरा) हवे. ‘युनिक’ (एका वेळी एकच ओळ जुळावी) ठेवले तर ती ओळ इतर प्रत्येक ओळीवर चढते आणि तक्ता सदोष ठरतो. तिथे डीफॉल्ट निकाल वेगळा नेमावा लागतो.

विदर्भातले एक उदाहरण इथे सांगण्यासारखे आहे. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि प्रस्ताव-फॉर्ममध्ये बहुतेक वेळा ‘सिकलसेल : होय / नाही’ एवढेच विचारलेले असते. वाहक, म्हणजे एएस, आणि रुग्ण, म्हणजे एसएस, यांच्या जोखमीत मोठे अंतर आहे. पण ज्या सोल्युबिलिटी चाचणीचा कागद अर्जदाराच्या हातात असतो, ती रक्तात हिमोग्लोबिन-एस आहे एवढेच सांगते. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या चाचण्या केल्यावरच कळते. उमरेडच्या एका एजंटने मला फोनवर सुनावले होते, “साहेब, पोरगं वाहक आहे का पेशंट, हे तुमचा फॉर्म विचारतच नाही ना जी, अन् नकार मात्र पटकन देतो.” त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. हा नियम नीट लिहायचा तर ‘होय / नाही’च्या जागी ‘नाही, वाहक, रुग्ण, प्रकार अनिश्चित’ अशी चार मूल्ये हवीत, चाचणीचा प्रकार वेगळ्या रकान्यात हवा, आणि ‘अनिश्चित’चा निकाल नकार न देता पुढची चाचणी मागवणारा हवा. तक्त्यात हे चार ओळींत मांडून वैद्यकीय अंडररायटर मॅडमसमोर ठेवता येते आणि त्या पेन्सिलीने दुरुस्ती करून देतात. पॅकेजमध्ये मात्र नवा रकाना म्हणजे डेटा मॉडेलमधला बदल, आणि तो बहुधा पुढच्या रिलीजची वाट पाहतो. अर्थात इंजिन घेतल्याने फॉर्म आपोआप सुधारत नाही. पॅकेजने मूल्य पाठवलेच नाही, तर इंजिन तरी काय करणार?

अर्जदाराच्या व्यवसायाच्या नियमाचेही असेच आहे. फॉर्मवर ‘वेकोलि’ (वेस्टर्न कोलफील्ड्स ही कोळसा कंपनी) लिहिणारा माणूस सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयात बिले तपासणारा असू शकतो किंवा भूमिगत खाणीत उतरणाराही. नियम मालकाच्या नावावर न लिहिता कामाच्या स्वरूपावर लिहावा, हे दोन्ही पद्धतींना सारखेच लागू आहे. त्यामुळे निवडीसाठी हा मुद्दा फारसा उपयोगाचा नाही.

तारखेच्या बाबतीत पॅकेज पुढे आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाचे नवे प्रॉडक्ट नियम लागू झाले, तेव्हा आधीपासूनच्या आजारांसाठीच्या प्रतीक्षाकाळाची कमाल मर्यादा ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आली आणि किमान ६५ व्या वर्षापर्यंत प्रवेश देण्याची जुनी तरतूद जाऊन सर्व वयोगटांसाठी योजना देण्याची अपेक्षा आली. (वर्तमानपत्रांनी ‘६५ ची मर्यादा उठली’ असे छापले, मूळ नियमात ती मर्यादा नव्हती, किमान अपेक्षा होती. नियम बसवणाऱ्याने बातमी न वाचता मूळ मजकूर वाचावा, तो यासाठी.) २८ मार्चला सही झालेला आणि ३ एप्रिलला तपासला गेलेला प्रस्ताव कोणत्या आवृत्तीने तोलायचा, हे पॅकेजला समजते, कारण त्यातला प्रत्येक नियम पॉलिसीच्या तारखांशी बांधलेला असतो. इंजिनला आपण जी तारीख पाठवू तीच कळते, आणि ती पाठवायची राहून गेली तर अनेकदा ते आजची तारीख धरते.

वयाचा हिशेब दोन्हीकडे दगा देतो. १५ ऑक्टोबर १९७९ ला जन्मलेली व्यक्ती २० एप्रिल २०२४ रोजी पूर्ण वयाने ४४ वर्षांची आहे आणि जवळच्या वाढदिवसाने ४५ वर्षांची, कारण मागचा वाढदिवस १८८ दिवस मागे आहे आणि पुढचा १७८ दिवसांवर. वय मोजणारे सूत्र एकाच ठिकाणी असावे. पॅकेज एका रीतीने आणि इंजिन दुसऱ्या रीतीने मोजू लागले, तर वेगळे इंजिन घेतल्याचा पश्चात्ताप ठरलेला. एक्सेलमध्ये तक्ते भरणाऱ्यांसाठी जाता जाता एक सूचना : लहान मुलांचा ‘५-१०’ हा वयोगट इंग्रजी आकड्यांत टाइप केला, की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यावा.

अधिकाराच्या प्रश्नावरही पॅकेजचेच पारडे जड आहे. नियमाने अडवलेला प्रस्ताव वरिष्ठ अंडररायटरने कोणत्या कारणासाठी सोडला, याची नोंद पॅकेजमध्ये प्रस्तावालाच चिकटून राहते. इंजिन निकाल देते आणि मोकळे होते; रेफरलची रांग, कोणाचा अधिकार किती लाखांपर्यंत, सोडल्याचे कारण, हे सगळे बाहेर बांधावे लागते आणि त्याचा खर्च कोटेशनमध्ये दिसत नाही. ड्रूल्सला परवाना शुल्क नाही, हे खरे. पण जावा जाणणारी दोन माणसे कायमची लागतात आणि ती पुण्याला निघून गेली की प्रकल्प थांबतो. हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको.

मग इंजिन घ्यायचे कधी? एकच नियम एजंटचे अॅप, बँकेची शाखा, संकेतस्थळ आणि नूतनीकरण अशा तीन-चार दारांवर लागू होत असेल, आणि तो दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलत असेल, तेव्हा. मागच्या वर्षाचे सगळे प्रस्ताव नव्या तक्त्यातून पुन्हा चालवून किती निकाल बदलतात, हे बदल लागू करण्यापूर्वीच पाहता येणे, ही सोय इंजिनाकडे सहज मिळते आणि ती मोलाची आहे. याउलट दोन-चार योजना, एकच दार आणि वर्षातून दोनदा होणारे बदल असतील, तर मी पॅकेजमध्येच राहीन. नियम मात्र तक्त्यांच्या रूपात वेगळ्या फाइलमध्ये मांडून अंडररायटरची सही घेईन आणि मगच स्क्रीनवर भरेन. तक्त्याची शिस्त इंजिनाविनाही पाळता येते, आणि नागपुरात माझ्याकडे सल्ल्याला आलेल्यांपैकी बहुतेकांना मी हेच सुचवले आहे.

अजूनही मन दोलायमान असेल, तर विक्रेत्याच्या डेमोला जाताना आपले तीन प्रस्ताव घेऊन जावे : एक उंची कोरी असलेला, एक सही जुन्या नियमांच्या काळातली आणि तपासणी नव्या नियमांच्या काळातली असलेला, आणि एक सिकलसेलचा प्रकार न लिहिलेला. विक्रेत्याचा तयार नमुना बाजूला ठेवायला सांगून हे तीन समोर चालवून घ्यावेत. तिसऱ्याचा निकाल नकार आला, तर नकाराचे कारण छापून मागावे आणि ते उमरेडच्या त्या एजंटला फोनवर जसेच्या तसे वाचून दाखवता येईल का, ते पाहावे.