डीएनए चाचणी मागवायची, की आधी आत्याला फोन करायचा?

माझ्या चॉकलेट सिस्टचं ऑपरेशन झालं तेव्हा मी 31 वर्षांची होते. चॉकलेट सिस्ट म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे अंडाशयात होणारी गाठ; या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो आणि पाळीत खूप दुखू शकतं. ऑपरेशनआधी 11 वर्षं मी एकच ऐकत होते, "लग्न झालं की दुखणं थांबेल." आता भाची 22 ची आहे आणि पाळीच्या दुसऱ्या दिवशी तीही कॉलेज बुडवते. परवा विचारत होती, "मावशी, ती थुंकीची डीएनए टेस्ट मागवू का? तुझ्यासारखं मला होईल का, ते तरी कळेल." तिला जे सांगितलं, ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल.

तिची शंका रास्तच आहे. जुळ्या बहिणींच्या अभ्यासांवरून एंडोमेट्रिओसिसमध्ये आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरला जातो. मात्र या आजाराचं असं एकच जनुक नाही. 2023 मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आलेल्या अभ्यासात 60 हजारांवर रुग्ण स्त्रियांची तुलना आजार नसलेल्या 7 लाख जणांशी केली होती. त्यात जनुकसंचातल्या 42 जागा सापडल्या. डब्ल्यूएनटी-4, ईएसआर-1 ही त्या भागांतली जनुकं, संप्रेरकांशी आणि गर्भाशयाच्या घडणीशी संबंधित. पण या 42 जागा एकत्र धरूनही कुणाला आजार होतो आणि कुणाला नाही, यातल्या फरकाचा जेमतेम 5 टक्के उलगडा होतो. शिवाय अभ्यासातले लोक युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाचे. त्यावरून काढलेला धोक्याचा आकडा नागपूरच्या मुलीला कितपत लागू पडेल? आणि आकडा मोठा आला, तरी आजार होऊच नये म्हणून द्यायचं औषध आज नाही. लहान आला, तर दुखत असूनही ही पोट्टी गप्प बसेल. मला तीच भीती जास्त वाटते.

आता घरातली विचारपूस. आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा आजार असेल तर धोका काही पटींनी वाढतो, आणि ही माहिती फुकट मिळते. अडचण एवढीच की आपल्याकडे ती "पिशवी काढली" या दोन शब्दांत गाडलेली असते. पिशवी कशासाठी काढली, हे कुणी विचारत नाही. म्हणून नेमकं विचारा: पाळीत अंथरूण धरायची का, मूल राहायला वेळ लागला का, अंडाशयात गाठ होती का. आणि फक्त आई-मावशीला नाही, आत्यालाही विचारा. ही जनुकं वडिलांकडूनही येतात, पण वडिलांकडच्या बायकांच्या पाळीचा विषय घरात निघतच नाही. अर्थात घरात कुणालाच नाही म्हणून निर्धास्त राहू नका. तशा बायकांनाही हा आजार होतो.

राहिली सोनोग्राफी. आजार आत्ता आहे का, याचं उत्तर जनुकांत नाही, तपासणीतच मिळतं. चॉकलेट सिस्ट योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत चांगली दिसते. अविवाहित मुलींची ती सहसा करत नाहीत, पोटावरूनच करतात आणि "नॉर्मल" लिहून मोकळे होतात. अशा वेळी एमआरआयबद्दल स्वतःहून विचारा. धंतोली-रामदासपेठेत जा, सरकारी मेडिकल कॉलेजला जा नाहीतर मिहानच्या एम्सला, पण चिठ्ठीवर 'एंडोमेट्रिओसिसची शंका' असं लिहून घ्या. तपासणाऱ्याला काय शोधायचं ते ठाऊक असलं की फरक पडतो. पोटाच्या आतल्या पडद्यावरचे बारीक डाग मात्र दोन्हीत निसटतात, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी दुखणं खोटं ठरत नाही. दुर्बिणीने खात्री करूनच औषध सुरू करायचं, ही जुनी अटही आता राहिलेली नाही. युरोपच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणांवरून उपचार सुरू करता येतात.

जनुकीय चाचणी एका ठिकाणी खरंच कामाची आहे: घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर. पण ती बीआरसीए वगैरे, म्हणजे या कॅन्सरच्या धोक्याशी संबंधित जनुकांची चाचणी वेगळी, आणि तीही जनुकीय समुपदेशकाशी बोलूनच करावी.

भाचीने किट मागवलं नाही, आत्याला फोन केला. आत्याने पलंगपेटीतून 2003 ची ऑपरेशनची फाइल काढली. पिवळ्या पडलेल्या बायोप्सीच्या कागदावर टाइप केलेलं होतं, 'एंडोमेट्रिओमा, डावं अंडाशय', म्हणजे चॉकलेट सिस्टच. वीस वर्षांहून जास्त काळ घरात सगळे त्याला "साधी गाठ" म्हणत होते. त्या कागदाची झेरॉक्स घेऊन आम्ही सोमवारी डॉक्टरांकडे जातोय.