प्रोग्रामिंग की नेटवर्किंग?

आयटीत शिरायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच: कोड लिहायचा की यंत्रणा सांभाळायची?

प्रोग्रामिंगमध्ये केलेलं काम लगेच डोळ्यांना दिसतं. सुरुवातीला पायथन (१९९१ ची भाषा) घ्या किंवा जावा (१९९५ ची). पायथनची मांडणी सुटसुटीत आहे. जावात डेटाचा प्रकार आधीच सांगावा लागतो, त्यामुळे बऱ्याच चुका प्रोग्राम चालण्याआधीच सापडतात. पण भाषेवर अडून बसू नका. खरा कस लागतो तो दुसऱ्याचा कोड वाचताना. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) शिका आणि एक छोटा प्रकल्प शेवटपर्यंत न्या; माझ्या मते मुलाखतीत तो दहा प्रमाणपत्रांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

नेटवर्किंगचं काम सुरळीत चाललं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि बंद पडलं की मध्यरात्रीसुद्धा फोन येतो. ही जबाबदारी झेपेल का, हे आधीच स्वतःला विचारा. इथे मात्र प्रमाणपत्राला वजन आहे. सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीचं सीसीएनए हे प्रमाणपत्र ही नेहमीची पहिली पायरी. नुसती पाठांतरं कामाची नाहीत. /२६ च्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या छोट्या तुकड्यात) ६४ आयपी पत्ते असतात, तरी उपकरणांना ६२ च का मिळतात, हे कागदावर मांडून सांगता आलं पाहिजे. (पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्या उपकरणांना एकदम संदेश पाठवण्याचा.) सरावासाठी महागडे राउटर नकोत, पॅकेट ट्रेसर हे संगणकावरच आभासी नेटवर्क उभारू देणारं सॉफ्टवेअर पुरतं.

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम दोन्हीकडे लागतेच. शिवाय नेटवर्कमधली रोजची कामं आता स्क्रिप्टने (छोट्या प्रोग्रामने) होऊ लागली आहेत, म्हणून तिकडे गेलात तरी थोडं पायथन शिकून ठेवा.