कॉग्निटिव्ह सायन्सची एम.एस्सी. : दहा महिन्यांनंतर

पाचपैकी साडेतीन. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

कॉग्निटिव्ह सायन्स म्हणजे मन आणि मेंदू कसे चालतात याचा अनेक विषयांतून अभ्यास. मी बी.ए. मानसशास्त्र करून इथे आले. अमेरिकेतल्या स्लोन फाउंडेशनच्या, याच विषयावरच्या १९७८ च्या अहवालातला तो प्रसिद्ध षट्कोन माहितीपत्रकात छापला होता : मानसशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, संगणक, मेंदूविज्ञान, मानववंशशास्त्र. प्रत्यक्षात चारच कोन भेटले. तत्त्वज्ञानाला दोन सेमिस्टर शिक्षकच नाही आणि मानववंशशास्त्राचं नाव अजून कुणी काढलेलं नाही. संख्याशास्त्र मात्र पोटभर. बारावीनंतर गणिताला रामराम ठोकलेला, त्यामुळे दिवाळीची अख्खी सुट्टी ‘आर’ ही संख्याशास्त्राची प्रोग्रामिंग भाषा शिकण्यात गेली. फराळसुद्धा लॅपटॉपपुढेच.

पैसे वसूल झाले ते प्रॅक्टिकलमध्ये. स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग : ‘हिरवा’ हा शब्द लाल शाईत दिसतो, तो न वाचता शाईचा रंग सांगायचा. वाचायची सवय इतकी पक्की असते की जीभ अडखळते. सगळे इंग्रजीत करत होते, मी हट्टाने मराठीत केला. सॉफ्टवेअरने वेलांट्या उचलून अक्षरांच्या उजवीकडे नेऊन ठेवल्या. हिरवा, पिवळा, निळा, तिघांची सुरुवात पहिल्या वेलांटीने! एकटा लाल बचावला. दोन रात्री झगडून शेवटी प्रत्येक शब्दाचं चित्र करून घातलं. मग गंमत कळली. मराठी शाळेतली मी चांगलीच अडखळत होते, कॉन्व्हेंटची रूममेट मात्र सटासट रंग सांगत सुटली, कारण मराठी वाचायला तिला मुळात जोर लावावा लागतो. दहा जणांवरून काही सिद्ध होत नाही, असं सरांनी लाल शाईत लिहिलं. बरोबरच आहे.

ईईजीची, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतले विद्युत संकेत मोजायची, हौस असेल तर एक सांगते : निम्मा वेळ केसांत जातो. डोक्याला तेल लावून येऊ नका असं दोनदा सांगूनही माणूस चपचपीत डोक्याने येतो, इलेक्ट्रोडचा संपर्क नीट लागत नाही आणि तासाभराचं काम बोंबलतं. प्रयोग संपल्यावर इलेक्ट्रोडखाली लावलेलं जेल धुवायला लॅबमध्ये बेसिनही नाही.

नोकरीचं विचाराल तर वर्गातले निम्मे यूएक्स रिसर्चकडे (लोक अ‍ॅप, वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास) डोळे लावून आहेत, उरलेले पीएच.डी.कडे. कोडिंग येणाऱ्यांना सोपं जातं, एवढंच.

सेमिनारला मी मराठी आकडे घेतले. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात सत्तावीससाठी ‘वीस सात’ आणलं, तेव्हा त्यावरचे विनोद मीही फॉरवर्ड केले होते. सत्तावीसमध्ये सात आधी बोलतो, पण लिहिताना २ आधी. जर्मनमध्येही हीच तऱ्हा, आणि तिथल्या मुलांच्या उलट लिहिलेल्या आकड्यांवर बरंच संशोधन झालंय. पण जर्मन आकडा निदान सुटा होतो. आपला पंचेचाळीस पाच आणि चाळीस असा सरळ तुटत नाही, आणि एकोणतीस तर तिसाचं नाव लावून विसाच्या घरात राहतो. जुनी नावं जाऊ नयेत असं मला अजूनही वाटतं, विनोद मात्र आता करवत नाहीत.

पुढचा प्रकल्प याच विषयावर घेतलाय. भाची दुसरीत आहे. पंचवीस सांगितलं की अधूनमधून ५२ लिहिते. ताई ओरडते, मी वहीत नोंद करते.