व्हिनाइल लादीवरचे कोटिंग : फोंड्यातील एका सेवेचा नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

फोंड्यातील आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी गायनाचे वर्ग घेते. त्या खोलीत २०१२ साली सुमारे ४०० चौरस फूट व्हिनाइल लादी बसवली होती. गेल्या जानेवारीत तिच्यावरचे जुने कोटिंग काढून नवे करून घेतले. पावसाळा आणि चतुर्थी उलटून गेल्यावरच त्याविषयी लिहायचे, असे मी तेव्हाच ठरवले होते, कारण फरशीच्या कामाची परीक्षा गोव्यात पावसाळाच घेतो.

मला हा सावधपणा आला तो आधीच्या अनुभवामुळे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंत्राटदाराने ऐन जुलैमध्ये, जुन्या थरावर नुसते ओले फडके फिरवून, एका दिवसात चार कोट चढवले होते. आठवड्याभरात सगळ्या खोलीवर दुधाळ झाक आली, विद्यार्थिनींच्या पावलांचे ठसे उमटून राहू लागले आणि सतरंजी उचलली की तिचे धागे लादीला चिकटलेले दिसत. हे कोटिंग म्हणजे पाण्यात विखुरलेले अ‍ॅक्रिलिक पॉलिमरचे सूक्ष्म कण असतात. पाणी उडून गेले की ते कण एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा सलग, पारदर्शक पापुद्रा तयार होतो. हवाच पाण्याने भरलेली असेल तर वरचा भाग कसाबसा सुकतो, खाली ओल अडकून राहते आणि तिच्यावर पुढचा कोट बसला की ती कोंडली जाते. हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते.

या खेपेस ज्यांना बोलावले ते दोघेच जण आहेत आणि गोल पॅड फिरवणारे एक यंत्र घेऊन काम करतात. त्यांनी आधी येऊन केवळ पाहणी केली, तिचे पैसे घेतले नाहीत आणि पाऊस पूर्ण ओसरल्याशिवाय काम घेणार नाही असे स्पष्ट सांगितले. स्वयंपाकघरातील चकचकीत सिरॅमिक टाईलवरही कोटिंग करावे असे माझ्या मनात होते. त्यावर त्यांतील वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "बाई, हिच्यावर काच बसवलेली आहे. आमचा कोट तिला धरणार नाही, महिन्याभरात पापुद्रे सुटतील. कशाला उगाच खर्च करता?" मिळणारे काम त्यांनी स्वतःहून सोडले, आणि माझा विश्वास बसला तो तिथे. खालच्या सोप्यातील जुन्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्यांसाठीही त्यांनी हे कोटिंग नाकारले. त्यांना आत मुरणारा सीलर लागतो, आणि त्याआधी त्या अ‍ॅसिडने धुणे थांबवा, असे त्यांनी बजावले. अ‍ॅसिड सिमेंट खाते हे खरेच आहे, तरी आपल्याकडे सणापूर्वी ते सर्रास ओतले जाते.

माझ्या खोलीतील लादीला मात्र कोटिंगची गरज होती, कारण या प्रकारच्या लादीत व्हिनाइलपेक्षा चुनखडीची पूडच अधिक असते आणि उघडी राहिली तर ती मळ शोषते. हल्ली फळ्यांसारखे जे व्हिनाइल मिळते, त्यावर बहुधा कारखान्यातच पॉलियुरेथेनचा थर दिलेला असतो. तशी फरशी असलेल्यांनी या खर्चात पडण्यापूर्वी उत्पादकाच्या सूचना पाहाव्यात.

काम सकाळी ८ वाजता सुरू झाले. जुना थर विरघळवणारे अल्कधर्मी द्रावण पसरून ते दहा मिनिटे ओले ठेवले, मग यंत्र फिरवले, तसा राखाडी, बुळबुळीत लगदा वर आला. कोपरे लोखंडी पात्याने न खरवडता प्लॅस्टिकच्या पात्याने सोडवले. त्यानंतर जे केले ते मी पूर्वी कोणाकडे पाहिले नव्हते. लादी एकदा धुतल्यावर त्यांनी ओल्या जागेवर लाल लिटमस कागद टेकवला. तो निळा झाला, म्हणजे द्रावणाचा अंश अजून शिल्लक होता. तो राहिला तर नवा कोट नीट धरत नाही आणि पुढे भुकटी होऊन निघतो. त्यांनी पुन्हा दोनदा स्वच्छ पाण्याने धुतले, आणि कागद लालच राहिल्यावर बादल्या उचलल्या.

दुपारनंतर मायक्रोफायबरच्या सपाट मॉपने चार पातळ कोट दिले. दर कोटाला जेमतेम लिटरभर द्रव लागला आणि दोन कोटांमध्ये सुमारे ४५ मिनिटांचे अंतर ठेवले. खिडक्या उघड्या होत्या, पण पंख्याचा झोत थेट ओल्या लादीवर येऊ दिला नाही. दर चौरस फुटाला २४ रुपये पडले.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. संध्याकाळी "आता चालायला हरकत नाही" एवढेच सांगून ते गेले. चालता येणे निराळे आणि थर पूर्ण घट्ट होणे निराळे, त्याला आणखी कित्येक दिवस लागतात. आम्ही दुसऱ्याच सकाळी कपाट ओढून जागेवर नेले आणि दारापासून भिंतीपर्यंत हातभर लांबीचा ओरखडा पडला, तो आजही दिसतो. दुसरे म्हणजे, बिलावर वापरलेल्या मालाचे नाव नव्हते. पुढे त्यावरच कोट चढवायचा झाला तर ते हवेच. फोन करून विचारल्यावर त्यांनी लगेच कळवले, परंतु ते मागावे लागू नये.

पावसाळ्यात ओल्या चपला, छत्र्या आणि तांबडी माती यांनी खोलीची जेवढी परीक्षा घ्यायची तेवढी घेतली. लादी कुठेही पांढरी पडली नाही, चिकट झाली नाही. दारापासून हार्मोनियमच्या जागेपर्यंतच्या पट्ट्यात चकाकी उतरली आहे, पण माती फडक्याने पुसली की निघते, लादीत शिरत नाही. मी रोज सौम्य, उदासीन क्लीनर टाकलेल्या पाण्याने पुसते, फिनाइल बंद केले आहे. दाराशी सुती पायपुसणे ठेवले आहे, कारण रबरी तळ असलेल्या पायपुसण्याने व्हिनाइलवर पिवळा डाग पडतो आणि तो कोटिंगखाली असल्यामुळे पुसून जात नाही.

येत्या जानेवारीसाठी मी त्यांनाच सांगितले आहे. सगळा थर पुन्हा काढण्याची गरज नाही, वरवर घासून दोन कोट पुरतील, असे ते म्हणाले. कपाट या वेळी आठवडाभर बाहेरच्या गॅलरीत राहील.