टोटल लॉस झालेली ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०: घ्यावी की सोडावी?

२०१७ मध्ये आली तेव्हा स्कोडाच्या ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० ची एक्स-शोरूम किंमत होती २४.६२ लाख. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २३० पीएस, ३५० न्यूटन मीटर, सहा गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), शून्य ते शंभर ६.८ सेकंदांत आणि वर ५९० लिटरची डिकी. घरच्यांना सामानासकट कोकणात नेते आणि घाटात एकट्यालाही हसवते, अशी गाडी त्या पैशांत शोधून सापडत नव्हती. त्यामुळे धड व्हीआरएसचा भाव जुन्या बाजारातही सहजी उतरत नाही. मग एखादी बरीच स्वस्त दिसली की जीव अडकतो. ती बहुधा विमा कंपनीने टोटल लॉस ठरवलेली, कुणीतरी उचलून उभी केलेली गाडी असते.

टोटल लॉस म्हणजे चक्काचूर, असं नाही. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉसमध्ये जाते, एवढाच त्याचा अर्थ. आणि आयडीव्ही झपाट्याने घसरते. चार वर्षं उलटली की पाचव्या वर्षात घसारा ५० टक्के. वरचीच किंमत धरली तर आयडीव्ही १२.३१ लाख, म्हणजे इस्टिमेट ९.२३ लाखांपलीकडे गेलं की संपलं. समोरून बसलेल्या धडकेत दोन्ही हेडलाइट, बॉनेट, फेंडर, एअरबॅग, डॅशबोर्ड, सीटबेल्ट आणि एकमेकांना चिकटून बसलेले कंडेन्सर, इंटरकूलर, रेडिएटर हे सगळं कंपनीच्या वर्कशॉपच्या भावाने लावलं तर तो आकडा गाठायला चेसिस वाकावी लागत नाही. म्हणजे काही गाड्या फक्त हिशोबात मेलेल्या असतात. काही खरोखर धक्क्याने मेलेल्या, आणि काही पाण्याने. पहिल्या प्रकारची घेता येते. पुढच्या दोन नाहीत. अडचण एवढीच की तिन्हींची आरसी सारखीच दिसते.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांचं या बाबतीत बरं आहे. तिथे ऑक्टोबर २०१७ पासून ए, बी, एस, एन अशा श्रेणी आहेत. ए आणि बी पुन्हा रस्त्यावर येऊ शकत नाहीत. एस म्हणजे सांगाड्याला मार, एन म्हणजे सांगाडा शाबूत. आपल्याकडे आरसीवर असा शिक्का नाही, एम-परिवहनवरही नाही.

आपल्याकडे फरक दावा कसा मिटला यावरून कळतो. विमा कंपनीसाठी नुकसान मोजणाऱ्या सर्व्हेअरच्या भाषेत मोडक्या गाडीची (सॅल्व्हेजची) किंमत वजा करून दावा मिटवायचे दोन प्रकार: एक ‘नेट ऑफ सॅल्व्हेज विथ आरसी’ आणि दुसरं ‘विदाउट आरसी’. दुसऱ्या प्रकारात आरसी रद्द करायची असते, ती गाडी सुट्या भागांसाठीच. अशी गाडी कुणी ‘कागद करून देतो’ म्हणून दाखवत असेल तर चहासुद्धा न पिता उठा. पहिल्या प्रकारात मोडकी गाडी लिलावात बोली लावणाऱ्याकडे जाते, सोबत मूळ मालकाच्या सह्यांचा टीटी सेट, म्हणजे मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०. बोली लावणारा गाडी स्वतःच्या नावावर करत नाही, तिथून घेणारा गॅरेजवालाही नाही, विकणारा एजंटही नाही. त्यामुळे जाहिरातीत ‘सिंगल ओनर’ लिहिलेलं असतं आणि कागदावर ते खरंही असतं. म्हणून आरसीवरच्या मालकाशी थेट बोलायचा आग्रह धरा. ‘दावा कशावर केला होता?’ एवढा एकच प्रश्न विचारा. मालकाशी गाठ घालून द्यायला एजंट टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालंच.

दुसरा धोका याहून वाईट. मोडक्या गाडीचे कागद आणि चेसिस नंबर घ्यायचा आणि त्याच रंगाच्या चोरीच्या गाडीवर चढवायचा, हा धंदा जुना आहे. या ऑक्टाव्हियात नंबर इंजिन बेमध्ये उजव्या सस्पेन्शन टॉवरवर ठोकलेला असतो आणि काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातही दिसतो. टॉवरभोवती वेल्डचा धागा, ग्राइंडरचे ओरखडे किंवा आजूबाजूपेक्षा जाड रंग दिसला तर तिथेच थांबा. स्टेपनीच्या खोबणीत पेंट कोड आणि इंजिन कोडचा स्टिकर असतो, तो पाहा. मागून मार बसलेल्या गाडीत नेमका तोच गायब असतो. शेवटी स्कॅनर लावून इंजिन ईसीयूमधला (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला) चेसिस नंबर वाचा. पत्रा बदलणारे पुष्कळ आहेत, ईसीयूतला नंबर जुळवायची तसदी सगळेच घेत नाहीत.

आता लोखंड. पेंट मीटर घेऊन जा. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. २५० च्या पुढे म्हणजे दुसऱ्यांदा रंगवलेली, आणि हजाराच्या पुढे आकडा गेला की खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. बाहेरचे पॅनल रंगवलेले असणारच, टोटल लॉस आहे ती. त्यावर वेळ घालवू नका. मीटर लावायचा तो आतल्या पत्र्यावर: ए आणि बी पिलर (पुढच्या काचेच्या बाजूचा आणि दोन दारांमधला खांब), दारं उघडल्यावरचा रनिंग बोर्डचा काठ, डिकीचा तळ. बंपर उतरवायला लावा, क्लिपा आणि स्क्रूच आहेत, तासाभराचं काम. आत क्रॅश बार आणि त्यामागे धक्का खाऊन चेपणारे दोन डबे असतात. ते बोल्टने बसतात आणि बदलायचेच असतात, नवे दिसले तर बिघडलं काही नाही. त्यांच्या मागे सुरू होणारा चेसिस लेग, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा पुढे आलेला पाय, पाहा. कंपनीचे स्पॉट वेल्ड म्हणजे ठरावीक अंतरावरचे गोल, उथळ खळगे. तिथे सलग वेल्डचा वळ, जाड ब्रशने फासलेला काळा सीलर किंवा लेगच्या बाजूला पाण्याच्या लाटेसारखी सुरकुती दिसली, तर तो लेग साखळीने ओढलाय किंवा कापून जोडलाय. सुरकुती बोटाला लागते, डोळ्याला चुकते. हात फिरवा.

यानंतर चारही चाकांच्या अलाइनमेंटचा प्रिंटआउट काढा, तोही ‘आधीच्या’, म्हणजे काहीही जुळवण्याआधीच्या, आकड्यांचा. या गाडीत पुढचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) नटाने जुळवता येत नाही, फार तर खालची सबफ्रेम जराशी सरकवून डावं-उजवं सारखं करता येतं. त्यामुळे दोन बाजूंत अर्ध्या अंशाहून जास्त फरक उरला असेल तर सस्पेन्शनचे स्ट्रट, नकल, आर्म किंवा टॉवर यांपैकी काहीतरी वाकलंय. ‘अलाइनमेंट करून देतो’ म्हणणाऱ्याला तो फक्त टो (चाकं आत-बाहेर वळलेली असणं) जुळवून देईल, याची खात्री बाळगा. गाडी सरळ जाईल, पावसात ब्रेक मारल्यावर मात्र जाणार नाही.

एअरबॅगचा भाग सगळ्यात फसवा. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. लागलाच नाही तर क्लस्टरमध्ये, म्हणजे मीटरच्या डबीत, हात घातलाय. लागून विझला तरी निर्धास्त होऊ नका. फुटलेल्या एअरबॅगच्या कनेक्टरमध्ये दोन-अडीच ओहमचा रेझिस्टर खोचला की मॉड्यूलला एअरबॅग जागेवर आहे असं वाटतं, कारण एअरबॅग फोडणाऱ्या खऱ्या इग्नायटरचा रेझिस्टन्सही तेवढाच. पाच-दहा रुपयांचा तुकडा. स्कॅनरवर १५ नंबरच्या, म्हणजे एअरबॅगच्या, मॉड्यूलमध्ये क्रॅश डेटा साठलेला दिसला तर मॉड्यूल बदललेलं नाही. काहीच दिसलं नाही तर ते बदललं, पुसलं किंवा फसवलं, यांपैकी काहीही असू शकतं. खात्री डोळ्यांनीच करायची: बॅटरी काढून, जाणकाराकडून ग्लोव्ह बॉक्स उतरवून, एअरबॅगची डबी आणि तिचं लेबल बघायचं. डॅशबोर्डच्या कातडीवर शिवण, चिकटवल्याची रेघ किंवा दोन भागांच्या रंगात फरक आहे का, तेही पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाशी तारखेची चिठ्ठी असते. गाडी २०१८ ची आणि पट्टाही २०१८ चा, पण एअरबॅग फुटल्या होत्या असं मालक सांगतो, म्हणजे प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा आवळणारा एकदाच चालणारा भाग) वापरून संपलेला पट्टाच परत गुंडाळलाय.

पाण्याच्या गाडीबद्दल वाद नकोच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, त्याच सप्टेंबरात पुणे, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड. या तारखांना गाडी कुठे होती ते सर्व्हिस रेकॉर्डवरून आणि विम्याच्या कागदांवरून शोधा. पूर्ण ओढलेल्या बेल्टवर चिखलाची आडवी रेघ, सीटच्या रुळांचे गंजलेले बोल्ट, सीटखालच्या कनेक्टरच्या पिनांवरची हिरवट बुरशी, कार्पेट उचलल्यावर फोमला येणारा वास. परफ्यूमच्या तीन बाटल्या हीदेखील खूणच. इंजिनात पाणी गेलं असेल तर बोअरस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) सिलिंडरच्या भिंती पाहाव्यात. वर कार्बनचा पट्टा असतो, तो चारही सिलिंडरमध्ये सारख्या रुंदीचा हवा. एकात रुंद असेल तर त्याचा कनेक्टिंग रॉड वाकून आखूड झालाय, पिस्टन वरपर्यंत पोचत नाही. अशी गाडी चालते, खेचतेही, आणि एक दिवस रॉड ब्लॉकमधून बाहेर येतो.

बाकीचं नेहमीचं. डीएसजीचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं हाउसिंग प्लॅस्टिकचं आहे, तिथून कूलंट झिरपणं हा या इंजिनाचा माहीत असलेला दोष. टाकीत जांभळट-गुलाबी कूलंट हवं. हिरवं किंवा गढूळ तपकिरी दिसलं तर रेडिएटर बदलताना लोकल ओतलंय. स्टेज वनचा रीमॅप, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली, आहे का हे विचाराच, धडकेच्या कारणाचा निम्मा उलगडा तिथे होतो.

चालवताना एक गल्लत टाळा. ३५० न्यूटन मीटर पुढच्या चाकांवर येतात, तेव्हा जोरात दाबल्यावर स्टिअरिंग थोडं ओढणारच. तो स्वभाव आहे. एका चालीने ८० ला जाताना सपाट रस्त्यावर ओढत असेल तर ती दुखापत. शंभरला एकाच दारातून वारा शिट्टी मारत असेल तर दाराची चौकट किंवा पिलर जागेवर नाही.

भावाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. आरसी शाबूत, चेसिस लेग कंपनीचे, एअरबॅग नव्या आणि बिलासकट, दुरुस्तीआधीचे फोटो उपलब्ध, एवढं सगळं जुळलं तरी धड गाडीच्या भावापेक्षा ३५ ते ४० टक्के खाली मिळाली तरच. विकताना तुम्हालाही तेवढीच सूट द्यावी लागेल. बयाणा देण्याआधी विमा कंपनीकडून इन्स्पेक्शन करून ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) कोटेशन लेखी घ्या. नुसत्या थर्ड पार्टीवर २३० पीएसची गाडी फिरवणं म्हणजे पुढचा धक्का स्वतःच्या खिशाला. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, आणि पॉलिसी नावावर करून घ्यायला १४ दिवस असतात.

२०२० मध्ये आलेल्या व्हीआरएस २४५ ला मात्र हा हिशोब लावू नका. २३० ची जुळणी इथेच, औरंगाबादला व्हायची. २४५ पूर्ण बाहेरून आलेली आणि भारतासाठी फक्त २००. तिच्या पुढच्या डिफरन्शियलमधला इलेक्ट्रॉनिक लॉक धक्क्यात गेला असेल तर तो जुन्या बाजारात कुठून आणणार, हे विकणाऱ्याला आधी विचारा.