कंपनीत डिजिटल व्हिजिटिंग कार्ड वापरून आठ-नऊ महिने झाले, त्याचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत आमची मशीन पार्ट बनवायची छोटी कंपनी आहे. मागच्या वर्षी सेल्स आणि सर्व्हिसच्या सगळ्यांना एनएफसीवालं, म्हणजे फोनला नुसतं टेकवलं की माहिती फोनवर उघडणारं कार्ड दिलं, मागे क्यूआर, आणि सोबत सगळ्यांचे कॉन्टॅक्ट एका ठिकाणी दिसतील असं सॉफ्टवेअर. विकायला येणारे नुसता टॅप करून दाखवतात, पण माझ्या मते पैसे वसूल होतात ते त्या कॉमन यादीमुळे.

तरी आधी टॅपचं सांगतो. आयफोनमध्ये 2018 च्या एक्सआर, एक्सएसपासून पुढे कुठलंही ॲप न उघडता कार्ड वाचलं जातं, फक्त स्क्रीन चालू पाहिजे आणि कार्ड फोनच्या वरच्या कडेला लावायचं. अँड्रॉइडला सेटिंगमध्ये एनएफसी चालू लागतं आणि स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ते नसतंच, त्यामुळे क्यूआर हवाच. मेटलचं कार्ड दिसायला भारी असतं पण धातूमुळे सिग्नल अडतो, आम्ही साधं प्लॅस्टिकचंच घेतलं. आणि मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांत गेटवरच फोन जमा करायला लावतात किंवा कॅमेऱ्यावर स्टिकर मारतात, तिथे कागदी कार्डच चालतं, ते छापणं बंद करू नका.

क्यूआरमध्ये सगळी माहिती थेट भरली तर नेट नसतानाही नंबर सेव्ह होतो हे खरं, पण कोणाचं पद किंवा नंबर बदलला की ते कार्ड बाद. शिवाय नाव-पत्ता मराठीत टाकला तर देवनागरीचं एकेक अक्षर युटीएफ-8 मध्ये (कॉम्प्युटरची अक्षरं साठवायची पद्धत) तीन-तीन बाइट खातं, काना-मात्रासुद्धा वेगळे मोजले जातात, मग क्यूआर इतका गच्च होतो की प्रदर्शनाच्या हॉलमधल्या कमी उजेडात लवकर स्कॅनच होत नाही. म्हणून फक्त छोटी लिंक ठेवा आणि ती स्वतःच्या कंपनीच्या डोमेनवरून, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यावरून फिरवून घ्या. लिंक सॉफ्टवेअरवाल्याच्या डोमेनवर असेल तर ज्या दिवशी त्याला सोडाल त्या दिवशी छापलेली सगळी कार्डं मेली.

आता यादीचं. आधी सेल्सचा माणूस सोडून गेला की त्याच्या फोनमधले पर्चेसवाल्यांचे नंबर त्याच्याबरोबर जायचे आणि नवीन माणूस रिसेप्शनला फोन करत बसायचा. यावेळी एक जण गेला तेव्हा त्याचे कस्टमर एका दुपारी दुसऱ्याच्या नावावर केले, आणि कोटेशन कुठपर्यंत आलंय, कोणत्या पार्टची एन्क्वायरी होती हे सगळं नोट्समध्ये होतं, त्यामुळे एकही फॉलोअप सुटला नाही. मला स्वतःला या एका गोष्टीने खूप बरं वाटलं, कारण ही ओळख वर्षानुवर्षं खेटे घालून कमावलेली असते. पण नोट त्याच दिवशी लिहायची सवय लावावी लागते. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला प्रदर्शन असलं की आम्ही संध्याकाळी स्टॉल आवरायच्या आधी सगळ्यांना बसवून लिहून घेतो.

त्रास डुप्लिकेटचा. एकच माणूस +91 लावून, शून्य लावून आणि नुसता दहा आकडी असा तीनदा सेव्ह होतो, सुरुवातीलाच एक पद्धत ठरवा. यादी सीएसव्हीत, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये काढून एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली तर मराठी नावांची खिचडी होते, डेटा मेनूतून इम्पोर्ट करून युटीएफ-8 निवडलं की नीट दिसतात. आणि समोरच्याने कामासाठी नंबर दिलाय, त्याला न विचारता सणावाराच्या ब्रॉडकास्टमध्ये टाकू नका, 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे तो आहेच पण माणूसही दुखावतो.

एक गोष्ट अजिबात पटली नाही, सोडून गेलेल्या माणसाचं अकाउंट बंद केलं तरी वर्षभराचं बिल चालूच. घेण्याआधी हे आणि पूर्ण यादी नोट्ससकट बाहेर काढता येते का, हे दोन्ही लेखी घ्या. आम्ही रिन्यू करतोय, पण यावेळी या दोन अटी पीओवर (परचेस ऑर्डरवर) टाकूनच.