नव्या खिडक्या आणि ओला पोटमाळा: वर्षभराचा अनुभव

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही घरातल्या अकराच्या अकरा खिडक्या बदलून घेतल्या. जुन्या लाकडी होत्या, एकेरी काचेच्या. फटींतून इतका वारा यायचा की आईच्या खोलीतला पडदा खिडकी बंद असतानाही हलायचा, आणि आईला दमा आहे. नव्या खिडक्या दुहेरी काचेच्या, यूपीव्हीसी म्हणजे कडक प्लास्टिकच्या फ्रेमच्या. कंपनीचं नाव देत नाही, कारण एक काम अजून बाकी आहे आणि बोलणं चालू आहे. पण खिडक्या बसवून घेणाऱ्याने काय तपासायचं आणि कुठे अडून राहायचं हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहिते.

काम दोन दिवसांत झालं. माणसं नीट वागणारी होती, जाताना घर झाडून गेली. रस्त्याचा आवाज निम्म्याने कमी झाला, पडदा हलायचा थांबला. पहिले तीन आठवडे मी खूश होते.

मग जिन्यातली खिडकी धुरकट दिसायला लागली. आतून पुसली, शिडी लावून बाहेरून पुसली, धुरकटपणा तसाच. तो दोन काचांच्या मधे होता. फोन केला तर उत्तर मिळालं, "ताई, नवीन आहे, थोडे दिवस जाऊ द्या, आपोआप जाईल." हे साफ चुकीचं आहे. दोन काचांमधली पोकळी कडेने हवाबंद केलेली असते, आमच्याकडे ती १६ मिलिमीटरची आहे आणि आत आर्गॉन वायू भरलेला आहे. कडेच्या पोकळ पट्टीत ओल शोषणारे दाणे असतात. सील फुटलं की बाहेरची दमट हवा आत शिरते, दाणे भरून जातात आणि काचेवर आतून दव धरतं. ते पुसता येत नाही आणि आपोआप जातही नाही. जोडकाच, म्हणजे दोन्ही काचांचा तो अख्खा हवाबंद संच, बदलणं हाच उपाय, फ्रेमला हात लावावा लागत नाही. पहाटे काचेच्या बाहेरच्या बाजूला दव दिसलं तर मात्र घाबरू नका. घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही, म्हणून ती गार पडते. खिडकी चांगली असल्याची ती खूण आहे.

दुसरी तक्रार आईच्या खोलीतली. झडप खाली लोंबली होती, बंद करताना कोपरा चौकटीला घासायचा. मी कागदाची पट्टी झडपेत धरून खिडकी लावली आणि ओढून पाहिली. बिजागरीच्या बाजूला कागद घट्ट बसायचा, हँडलच्या वरच्या कोपऱ्यात अलगद निघून यायचा. म्हणजे तिथे रबर टेकतच नव्हतं. स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या खालच्या चौकटीत तर पाणी साचायचं, कारण ते बाहेर जाण्यासाठी ठेवलेली भोकं सिलिकॉनने बुजवून टाकली होती. टाचणीने टोकरून मीच मोकळी केली.

या सगळ्या गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या होत्या. मला खरी धास्ती बसली ती पोटमाळ्याची.

कडाक्याची थंडी पडल्यावर एका सकाळी रजयांची पिशवी काढायला वर गेले. टॉर्च लावला आणि छपराकडे पाहिलं, तर फळ्यांतून खाली आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकाला एकेक थेंब लोंबत होता. शेकडो थेंब, टॉर्च फिरेल तसे चमकणारे. एका वाशावर हात फिरवला तर तळवा ओला झाला. पिशवीच्या कोपऱ्यावर काळे ठिपके, बुरशीचा वास. आईची खोली त्याच्या बरोबर खाली आहे.

ह्यांना वाटलं छप्पर गळतंय. मला पटेना, कारण आदल्या आठवड्यात पाऊसच नव्हता. म्हणून वही घातली: रोज सकाळी वर जायचं, ओलं की कोरडं ते लिहायचं, शेजारी हवामान. अठरा दिवसांत चित्र स्पष्ट झालं. पावसाच्या, ढगाळ दिवसांत माळा जवळजवळ कोरडा. आकाश निरभ्र आणि रात्र गार असली की सकाळी ओला, तोही सगळीकडे सारखा. गळती एका जागी असते, पावसानंतर दिसते आणि तपकिरी कडेचा डाग सोडते. आमच्याकडचं पाणी घरातूनच वर जात होतं.

कंपनीचं म्हणणं, "माळ्याचा आणि खिडक्यांचा संबंध नाही." संबंध आहे. जुन्या खिडक्यांच्या फटींतून घराचा दमटपणा नकळत बाहेर जायचा. आंघोळ, स्वयंपाक, श्वास, घरात वाळत घातलेले कपडे, या सगळ्याची वाफ होते. धुतलेल्या कपड्यांच्या एका फेरीतूनच दोनेक लिटर पाणी हवेत जाऊ शकतं. आम्ही सगळ्या फटी एका झटक्यात बंद केल्या आणि हवेला दुसरी वाट ठेवली नाही. चौकटीच्या वरच्या भागात उघडझाप करता येणारे छोटे व्हेंट बसवता येतात, पण मोजमाप घ्यायला आलेल्या माणसाने त्याचा विषयही काढला नाही. माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे. काच सदोष निघू शकते. ग्राहकाला हे न सांगणं म्हणजे अर्धंच काम करणं.

चौथ्या तक्रारीनंतर त्यांनी एक ज्येष्ठ कारागीर पाठवले, आणि या माणसाबद्दल मला मनापासून चांगलं लिहायचं आहे. त्यांनी आधी खिशातून आर्द्रतामापक काढून टेबलावर ठेवला, अर्धा तास थांबले. २० अंश तापमान, ७० टक्के आर्द्रता. "ताई, एवढ्या दमट हवेला साधारण १४ अंशांच्या खालचं काहीही भेटलं की पाणी सुटणार. हीच आर्द्रता ५० टक्क्यांवर आणलीत तर तो आकडा ९ वर येतो." मग माझ्याबरोबर माळ्यावर आले, खरं तर ते त्यांचं काम नव्हतं. न्हाणीघराच्या पंख्याची नळी जोडातून निसटून माळ्यावरच वाफ सोडत होती. माळ्याच्या झाकणाला कडेने रबर नव्हतं. आणि उष्णता अडवणारी लोकरीची गादी कोणीतरी पार वळचणीत कोंबून ठेवलेली, त्यामुळे छपराखालून वारा खेळायची जागाच बंद. आईच्या खिडकीची काच त्यांनी उतरवली, तर आतले आधाराचे तुकडे नव्हतेच. बिजागरीच्या बाजूला खाली आणि तिरक्या समोरच्या कोपऱ्यात वर ते बसवले की काचच झडपेला तोलून धरते. दहा मिनिटांचं काम. त्या दिवसापासून कागद चारही कोपऱ्यांत घट्ट बसतो.

नळी जोडून बाहेर काढली, झाकणाला पट्टी लावली, वळचणीतली गादी चार बोटं मागे ओढली, आंघोळीनंतर पंखा वीस मिनिटं चालू ठेवायला लागलो. दोन आठवड्यांत मापक ५२–५५ वर आला. खिळे कोरडे झाले.

जिन्यातली जोडकाच मात्र दोनदा बदलावी लागली. पहिली बदललेली काच बसवून माणूस गेला, आणि संध्याकाळी त्या खिडकीपाशी मला गारवा जाणवला. त्या कारागिरांनी एक युक्ती सांगितली होती: अंधारात काचेजवळ पेटती काडी धरायची. दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, दोन काचांच्या चार बाजूंची. उष्णता परतवणारा थर असेल तर चारांतलं एक वेगळ्या रंगाचं दिसतं. बैठकीच्या खिडकीत एक ज्योत स्पष्ट वेगळी दिसली. जिन्यात चारही एकसारख्या. साधी काच पाठवली होती. फोटो पाठवले, करारातली ओळ खुणा करून पाठवली, तरी "काच काच असते" असं ऐकावं लागलं. सहा आठवड्यांनी तिसरी आली. मी ती बसवू देण्याआधी जिन्यातले दिवे घालवले, काडी पेटवली आणि वेगळा रंग दिसल्यावरच सही केली.

पाचपैकी गुण द्यायचे तर खिडक्यांना चार, बसवण्याला दोन, फोनवरच्या उत्तरांना एकही नाही, त्या ज्येष्ठ कारागिरांना पाच. व्हेंट आता आईच्या आणि आमच्या खोलीत बसवायचे कबूल केलं आहे, लेखी घेतलं आहे. थंडी सुरू होण्याआधीची तारीख मागितली आहे. वही अजून माळ्याच्या शिडीलाच टांगलेली आहे.